उघडून दिलेले डोळे

दिपमालाला फोटो काढायला शिकवायचं तर आधी तिची बडबड बंद करायला हवी, हे वना नानांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. एरंडोलच्या बसस्टँडसमोर नानांचा स्टुडिओ. एका अंगाला झेरॉक्सवाला, दुसऱ्या अंगाला रसवंती. नाना सत्तरीला टेकलेले, चष्मा कायम कपाळावर आणि जिभेला कायम धार. आसपासच्या पन्नासेक गावांची लग्नं, बारशी आणि मयतं त्यांच्या हातून निघालेली. दिपमाला एसटीतल्या कंडक्टरची मुलगी. बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षा दोनदा देऊन थकली, आणि एक दिवस काउंटरपुढं येऊन म्हणाली, "मला फोटोग्राफी शिकायचीये."

"शिकायचीये का इन्स्टाग्रामवर टाकायचीये?" नानांनी विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

नानांना तो खरेपणा आवडला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना कॅमेरा तिच्या हवाली केला आणि बाजारात पिटाळलं.

नानांची शिकवायची रीत फार साधी होती, आणि तेवढीच निर्दय. दिपमालानं दिवसभर काढलेल्या फोटोंतले पाच ते स्वतः निवडायचे, छापायचे, काउंटरवर ओळीनं मांडायचे आणि लाल बॉलपेन उघडायचे. झेरॉक्सला आलेली माणसंही वाकून बघायची. "हे काय?" "केळीवाला, नाना." "केळीवाला कुठंय? मला विजेचा खांब दिसतोय, आणि त्याच्या बुडाशी कोणीतरी केळी विकतंय." दुसऱ्या फोटोत टेलरमास्तरांचे पाय घोट्यापासून गायब. "मास्तरांना संध्याकाळी घरी चालत जायचं असतं, बाई. पाय दे त्यांना." लाल रेघा एवढ्या व्हायच्या की फोटो उरायचाच नाही. दिपमाला घरी जाऊन रडायची आणि सकाळी पुन्हा हजर व्हायची. तेवढी चिवट मात्र ती होती.

डोळ्यांबाबत नाना काही ऐकून घेत नसत. "बाकी काय चुकायचं ते चुकू दे. डोळा नीट आला पाहिजे." त्यासाठी त्यांनी तिला खिडकीच्या उजेडात स्वतःचाच चेहरा काढायला लावलं होतं, रोज दहा वेळा, महिनाभर. मान डावीकडे, मान उजवीकडे, नजर लेन्समध्ये. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर दिपमालाचे तीनशे फोटो साठले. नानांनी त्यातला एकही पास केला नाही.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला नानांचा गुडघा धरला आणि दिपमालाला पहिल्यांदा एकटीला काम मिळालं. पद्मालयाच्या वाटेवर एक लहानसं गाव आहे, तिथल्या पाटलांच्या घरी कानबाई बसली होती. घरात तिघंच माणसं: म्हातारी प्रमिलाबाई, तिचा मुलगा कुंदन आणि सून पुनम. पण कानबाईला सगळी भाऊबंदकी गोळा झालेली. आरती, रोट, पंगती, सोमवारी विसर्जनाला डोक्यावर घेऊन निघालेली कानबाई, पुढं फुगड्या घालणाऱ्या बाया. दिपमालानं दोन दिवसांत सहाशे फोटो काढले. त्यात घरची सून कुठंच नव्हती. ती चुलीपाशी. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, शे-सव्वाशे माणसांचं ताट. सुनेनं बाहेर यायचं कधी?

शेवटी निघता निघता दिपमालाच म्हणाली, "वहिनी, तुमचा एक काढते." पुनम हात पुसत मागच्या दारी आली. तेवीस-चोवीसची असेल. पदर डोक्यावर, नजर खाली. सासू पाच हातांवर बसलेली. तिच्यापुढं मान वर करायची नाही ही पुनमची सवयच झालेली. दिपमालानं तिला भिंतीपाशी उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक, दोन, तीन!" आणि तीनला बटण दाबलं.

नवशिक्या फोटोवाल्याची ही ठरलेली चूक. लाजरं माणूस एकला सावरतं, दोनला श्वास धरतं आणि तीनला डोळे मिटतं. तीन म्हणायचं आणि दोनला दाबायचं, हे नानांनी तिला नंतर सांगितलं. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

"ताई, मन्हा डोया मिटनात नही ना?" पुनमनं विचारलं.

दिपमालानं स्क्रीनकडं बघितलं. उन्हाच्या तिरीपीत काही दिसत नव्हतं. आणि तिची बस होती साडेचारची. "मस्त आलाय, वहिनी," ती म्हणाली.

पुनम एवढी खूश झाली की तिनं पदराआडून दोन सांजोऱ्या काढून दिपमालाच्या हातात कोंबल्या. सांजोऱ्या बसमध्येच संपल्या. फोटो स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर उघडला तेव्हा पुनमचे डोळे पूर्ण मिटलेले होते. नानांनी तो छापला आणि त्यावर लाल पेनानं फुली मारली. दिपमाला म्हणाली, "जाऊ द्या नाना, त्यांनी मागितला तर परत काढू."

त्यांनी मागितला. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या भरात, कुंदन स्टुडिओत आला. डोक्याचे केस काढलेले. काउंटरला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, कानबाईला तुम्ही आला होतात आमच्या घरी. त्यात पुनमचा एखादा फोटो असेल का?"

पाच दिवसांच्या तापात पुनम गेली होती. सहाव्या दिवशी गाडी करून जळगावला न्यायला निघाले, आणि वाटेतच सगळं संपलं. सुतक फिटायची गंधमुक्ती दोन दिवसांवर आली होती. दारावर येणारी माणसं विचारत होती की फोटो कुठं आहे. फोटो नव्हताच. लग्न लागलं ते लॉकडाऊनमध्ये, पाच माणसांत, बिनाफोटोवाल्याचं. चार-दोन फोटो कुंदनच्या फोनमध्ये होते. तो फोन आषाढात मोटर चालू करताना विहिरीत पडला. आधार कार्डावरची पुनम तेरा वर्षांची होती आणि ते छायाचित्र म्हणजे राखाडी धुरळा.

"आहे," दिपमाला म्हणाली. "एक आहे."

तिनं तो फोटो स्क्रीनवर आणला. मिटलेल्या डोळ्यांची पुनम बघितली आणि कुंदन मटकन स्टुलावर बसला. "अशीच दिसत होती," तो म्हणाला. "गाडीत." तिनं त्या वेळी एक बटण आणखी दाबलं असतं, फक्त एक, तर या माणसाला हे बघावं लागलं नसतं.

नाना आतून बाहेर आले. असल्या कामात त्यांची उमर गेलेली. गेलेल्या माणसाच्या अंगावर कोट चढवणं, टोपीचा डाग काढणं, ग्रुपमधला चेहरा उचलून मोठा करणं, मिटलेले डोळे उघडून देणं, हे सगळं ते फार हळुवार हातानं करत. "डोळे उघडून देऊ," ते कुंदनला म्हणाले. "तिला बहीण आहे ना? सख्ख्या बहिणीचे डोळे बसतात. दिपमाला, तिच्या माहेरी फोन लाव. हे काम तूच कर. चूक तुझी आहे."

पुनमची धाकटी बहीण शिरपूरला होती. दिपमालानं फोन केला. ती पोर हुंदके देत होती, तरी तिनं दोन फोटो पाठवले. दोन्ही मोबाइलच्या फिल्टरमधले. गाल गुलाबी, हनुवटी टोकदार, आणि डोळे बाहुलीसारखे मोठे, चकचकीत. ते पुनमला लावले तर लोक हसले असते. दिपमालानं दुसरा फोटो मागितला तर फोन बंद. दुपारचे तीन वाजले होते. सहा वाजता कुंदन फ्रेम घ्यायला येणार होता.

तिनं बरेच फोटो धुंडाळले. कोणाची मान चुकायची, कोणाचा उजेड. पुनमच्या तोंडावर उजेड डावीकडून आलेला, मान जराशी कललेली. आणि मग तिला आठवलं की असाच उजेड आणि अशीच मान तिच्याकडं तीनशे वेळा आहे.

वाईट मनानं तिनं काहीच केलं नाही, हे सांगायला हवं. एका मेलेल्या बाईचे आपण घालवलेले डोळे आपण भरून देतोय, असंच तिला वाटलं. स्वतःच्या फोटोतून तिनं डोळे कापले, पुनमच्या पापण्यांवर ठेवले, कडा मिसळल्या, रंग एक केला. चार वाजता पुनमनं डोळे उघडले आणि सरळ दिपमालाकडं बघितलं. दिपमाला खुर्चीसकट मागं सरकली.

नाना आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघत राहिले. लाल पेन खिशातच राहिलं.

"बहिणीचे?" त्यांनी विचारलं.

"हो," दिपमाला म्हणाली.

"जिवंत आलेत डोळे," नाना म्हणाले. "हे जमलं तुला."

सात महिन्यांत नानांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. तो परत करायची ताकद दिपमालात नव्हती.

दोन दिवसांनी तिच्याच मैत्रिणींच्या स्टेटसवर पुनम आली. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, खाली मंडळाची नावं. मग पद्मालयाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला, सहा फुटी. दिपमाला बसमधून जाताना खिडकीतून तिचे स्वतःचे डोळे तिच्याकडं बघत राहिले, हळद-कुंकवाच्या रंगातल्या मोठाल्या अक्षरांच्या वर. शेजारी बसलेली आई म्हणाली, "कोणाची गं ही पोर? ओळखीची वाटतेय." दिपमाला म्हणाली, "कोणाची तरी सून आहे." पुढं आठ दिवस ती आईच्या समोर जेवायला बसली नाही.

आरशाचं तिला भय वाटायला लागलं. वेणी घालताना ती नजर खाली ठेवायची, पुनमसारखी. स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आलेली बाई समोर बसली की दिपमाला आधी डोळेच बघायची, दहा-दहा वेळा बटण दाबायची, तरी खात्री वाटायची नाही. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "मन्हा डोया खाशी का वं पोरी?" झेरॉक्सवाला हसला. दिपमालाला हसू आलं नाही. पण खरं सांगायचं तर तिचे फोटो याच महिन्यांत सुधारले. खांब डोक्यांतून उगवायचे थांबले, माणसांना पाय मिळाले, लाल रेघा कमी झाल्या. नाना पाव्हण्यारावळ्यांना तिचं काम दाखवायचे आणि दाखवताना हमखास पुनमचा फोटो पुढं करायचे. "हे बघा. नवी पोर आहे, पण डोळा कसा आणलाय." अशा वेळी दिपमाला पाणी प्यायचं निमित्त करून मागं जायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस उरले होते तेव्हा कुंदन पुन्हा आला. या वेळी हात रिकामे. काउंटरवर बोटं आपटत उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "एक विचित्र काम आहे. हसू नका."

"बोल ना."

"पुनमच्या फोटोचे डोळे मिटवून द्यायचे."

नानांनी चष्मा खाली घेतला.

कुंदननं सांगितलं ते असं. फोटो ओसरीवर लावला, पहिले आठ दिवस ठीक गेले. मग आई म्हणायला लागली की ती माझ्याकडं बघते. ओसरीवर बसलं तरी बघते, चुलीपाशी गेलं तरी दारातून बघते. आधी त्यानं हसण्यावारी नेलं. मग म्हातारी फोटोपुढं बसून पुटपुटायला लागली, तासन् तास. काय ते कोणाला ऐकू द्यायची नाही. जेवण तुटलं. चोपड्याकडच्या एका भगताला आणलं, त्यानं लिंबू उतरवलं, काही फरक नाही. फोटो उतरवून कपाटात ठेवावा तर आई म्हणते, घरच्या लक्ष्मीला कपाटात कोंडू नको, पाप लागेल. शेवटी परवा तीच म्हणाली, आखाजीला पितरांत तिच्या नावाची पहिली घागर भरायची आहे, त्याआधी तिचे डोळे मिटवून आण.

"आईचं वजन निम्म्यावर आलंय, नाना," कुंदन म्हणाला. "फोटोनं माणूस मरेल आमच्या घरात."

तो गेल्यावर नाना दिपमालाकडं वळले. "उभ्या आयुष्यात मिटलेले उघडून दिले. उघडे मिटवा म्हणणारा हा पहिला. कर. मूळ फोटो आहेच तुझ्याकडं, तोच छाप." मग ते थांबले. म्हाताऱ्याच्या नजरेतून काय सुटायचं? दिपमालाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी स्क्रीनवर पुनमचा फोटो उघडला, मग स्क्रीनवरून नजर काढून दिपमालाकडं बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडं.

"बहिणीचे नाहीत हे," ते म्हणाले.

"नाही."

नाना खाली बसले. ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गुडघा चोळत राहिले.

"माझ्याशी खोटं बोललीस ते राहू दे," ते शेवटी म्हणाले. "मीही बघायला पाहिजे होतं. कौतुकात आंधळा झालो. पण सहा महिने तू त्या घराच्या भिंतीवर बसली आहेस, दिपमाला. त्या बाईच्या जिवावर बसली आहेस. फ्रेम तू स्वतः घेऊन जा. आणि काय केलंस ते सांग त्यांना, तोंडानं."

"नाना, ते मारतील मला."

"मारतील तर मार खा. फोटोचं काम आहे हे, चुकलं तर भरावं लागतं."

आखाजीच्या दोन दिवस आधी ती निघाली. चव्वेचाळीस डिग्री ऊन. त्या उन्हात स्कूटीवर निघणाऱ्या पोरी करतात तेच तिनं केलं. डोकं, कपाळ, नाक, तोंड सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलं, पाठीमागं गाठ मारली. मिटल्या डोळ्यांच्या पुनमची नवी फ्रेम पायाशी उभी ठेवली. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. आक्का, माझं चुकलं. आक्का, मी फोटोवाली. फाट्यावर फ्लेक्सच्या जागी आता नुसत्या बांबूच्या काठ्या उरल्या होत्या.

गावात दुपारी कुत्रंही हिंडत नव्हतं. कुंदनच्या घराचं दार उघडं होतं. तो घागर आणि तिच्यावर ठेवायचं डांगर आणायला एरंडोलच्या बाजाराला गेला होता, हे तिला नंतर कळलं. फ्रेम बगलेत धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. बाहेरच्या उजेडातून आत काही दिसेना. आतल्याला मात्र ती दिसत होती.

"उनी का तू?" आतून आवाज आला.

ओसरीवरच्या बाजेवरून प्रमिलाबाई उठत होती. कानबाईत बाजेवर बसून सगळ्या भाऊबंदकीला हुकूम सोडणारी ती बाई ही नव्हे, असं वाटावं इतकी वाळलेली. भिंतीवर पुनमच्या फोटोवर टॉवेल टाकलेला होता.

"मले माहीत व्हतं," ती म्हणाली. "आखाजीले तू येशी. ये, घरमा ये. ऊनमा नको उभी ऱ्हाऊ."

दिपमालाचे स्कार्फमधून तेवढे डोळे उघडे होते. ती नुसती बघत राहिली, आणि तिनं बघू नये तेच नेमकं तिच्या हातून होत होतं. प्रमिलाबाई भिंतीचा आधार घेत तिच्यापुढं आली आणि थेट खाली बसली, तिच्या पायांपाशी.

"पाच दिन ताप व्हता तुले," ती म्हणाली. "तू सांगे, आई, मन्हा जीव घाबरस. आनि मी काय म्हनं? बठ्ठासले ताप येस. कापूस येचाई जाऊ दे, मंग दखूत. कुंदन गाडी सांगाले निंघना व्हता. मीच त्याले थांबाडं, सांगं, पुनमच नको म्हनस. त्याले वाटस, तूच नही म्हनी." तिला धाप लागली. "तू मन्हा पाय धरात, पुनम. मी पाय वढी लिधा."

फ्रेमची काच तिच्या बरगड्यांना रुतत होती.

"चार वरीस तू मान वर करीसन मन्हाकडे दखं नही. आते सहा महिना व्हयनात, तू मन्हावरथीन नजर काढस नही. मी काय करू, तूच सांग. एक डाव म्हन, आई, जाऊ द्या. तेवढं म्हन. मंग मी मरनू तरी चाली."

दोन शब्द. दिपमाला ते म्हणू शकली असती. स्कार्फच्या आड आवाज तसाही वेगळा येतो, आणि या बाईला कोणाचाही आवाज चालला असता. म्हातारी आज रात्री जेवली असती, झोपली असती. दिपमालाचे ओठ हललेसुद्धा. पण पुनमनं माफ केलं असतं का, हे तिला कुठं ठाऊक होतं? डोळे आधीच घेतले होते तिचे. आता तिची माफीही आपणच देऊन टाकायची? हे तिच्यानं होईना. तिनं मागं हात नेला, गाठ सोडली आणि स्कार्फ खाली ओढला.

"आक्का, मी पुनम नाही. मी दिपमाला. एरंडोलची, फोटोवाली."

प्रमिलाबाई बघत राहिली. "डोया तिन्हाच शेतस," ती म्हणाली.

"नाही आक्का. माझे आहेत. त्या फोटोतलेही माझेच आहेत."

तिनं सगळं सांगितलं. एक, दोन, तीन म्हटलं ते. पुनमनं विचारलं तेव्हा न बघताच मस्त आलाय म्हटलं ते. खिडकीतले तीनशे फोटो, दुपारचे तीन, नानांचा चांगला शब्द. जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाहीत. सांगताना ती रडत होती, आणि प्रमिलाबाई मात्र रडत नव्हती. तिनं उठून भिंतीवरचा टॉवेल काढला, फोटो खाली उतरवला आणि दिपमालाच्या तोंडाजवळ धरला. एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. बराच वेळ तिनं ते केलं.

दिपमालानं बगलेतली फ्रेम काढून पुढं केली. प्रमिलाबाईनं पदरानं काच पुसली. मिटल्या डोळ्यांवरून बोट फिरवलं.

"हाईच मन्ही सून शे," ती म्हणाली. "अशीच ऱ्हाये. डोया खाले."

"आता ती बघणार नाही तुमच्याकडं, आक्का," दिपमाला म्हणाली. धीर द्यायला म्हणून म्हणाली बिचारी.

प्रमिलाबाईनं मान वर केली. "मंग ती दखतच नव्हती का? सहा महिना मी रोज बोलनू, रोज पाय पडनू. ते बठ्ठं मी तुले सांगं?"

दिपमालाला मानेनं हो म्हणावं लागलं.

"मंग तिले सांगानं ऱ्हाईच गयं," म्हातारी म्हणाली.

तिनं जुना फोटो, वाळलेल्या हारासकट, दिपमालाच्या हातात दिला. "हाऊ तुन्हा शे. लई जाय." मग नवी फ्रेम तिनं खुंटीला लावली नाही. बाजेवर, आपल्या समोर, भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली जमिनीवर बसली, डोक्यावरचा पदर सारखा करून. दिपमाला उंबऱ्यापाशी चपला घालत होती. चटका बसत होता, पट्टा अंगठ्यात जाईना, आणि मागं म्हातारीचा आवाज चालू झाला होता, कधी नव्हे इतका मऊ, लहान पोराला झोपेतून उठवताना असतो तसा.

"पुनम. डोया उघाड, माय. एक डाव मन्हाकडे दख."